चार पेरण्यांचा एकच जून

आमच्या मोताळ्याच्या घरात कापूस आणि सर्व्हर एकाच खोलीत राहत असत. भाव येईपर्यंत कापूस घरात रचून ठेवायचा, ही आमच्या भागाची जुनी खोड आहे. तीन-तीन महिने ढीग भिंतीला टेकून बसतो, घरातली माणसं अंग खाजवत फिरतात आणि भाव काही येत नाही. माझ्या सासरच्यांना ही खाज श्रीमंतीची खूण वाटायची. मला ती फक्त खाज वाटायची. शिवाय कापसाचे तंतू हवेत तरंगून पंखा असलेल्या प्रत्येक यंत्राच्या नाकात जाऊन बसतात, ही माहिती सासरच्या कोणाला नव्हती. त्यांच्याकडे तोवर पंखा असलेलं यंत्र म्हणजे फक्त पंखाच होता.

मी कॉलेजात संगणक प्रयोगशाळेची निदेशक होते. प्रयोगशाळा म्हणजे अठरा संगणक, त्यांतले सात चालू, आणि चालू असलेल्यांपैकी दोन प्राचार्यांच्या केबिनमध्ये. त्यावर मुलांना नेटवर्किंग शिकवा, असा आदेश होता. म्हणून मी घरी स्वतःची मांडणी केली. जळगावच्या जुन्या मालाच्या बाजारातून एक वापरलेला सर्व्हर आणला, त्यात मेमरी वाढवली, इन्व्हर्टरला जोडला आणि त्यावर व्हर्च्युअल मशीन उभी केली. न जाणणाऱ्यांसाठी सांगते: एका खऱ्या संगणकाच्या आत सहा-सात आभासी संगणक चालवायचे. प्रत्येकाला वाटतं की आपण स्वतंत्र आहोत, आपली डिस्क आपली, आपली मेमरी आपली. बिघडला तर फेकायचा आणि कालच्या प्रतीवरून पुन्हा उभा करायचा. माणसांच्या बाबतीत ही सोय नाही, याचं मला नोकरीत अनेकदा वाईट वाटलं आहे.

नवऱ्याने ती मांडणी पाहून विचारलं होतं, "एवढ्यात काय काय चालते?"

"सहा कम्प्युटर."

"मंग बाकीचे पाच कुठी हायेत?"

"आतच."

तो माध्यमिक शाळेत गणित शिकवायचा. त्याने एकदा सर्व्हरकडे, एकदा कापसाच्या ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाला, "कापूस थोडा इकडं सरकवतो, जागा होईन." त्या खोलीला माझ्या घरून मिळालेली ही एकमेव मान्यता.

सर्व्हरवर मी कापडी गाळणी लावली, दर रविवारी ब्रशने पंखे साफ करायचे असं वहीत लिहून ठेवलं आणि करतही राहिले. मी याद्या करणारी बाई आहे. लोक मला त्यावरून हसतात. जे हसतात, त्यांचे चार्जर नेहमी हरवलेले असतात.

त्या वर्षी बोंडअळी आली. गुलाबी. बीटीच्या पाकिटावर ज्या अळीला हे बियाणं दाद देत नाही असं सांगून ते विकलं होतं, तीच अळी बोंडाच्या आत बसून सरकी खात होती. वरून बोंड टवटवीत, फोडलं की आत काळं. दिवाळीनंतर जिल्ह्यात सगळीकडे उभ्या कापसात नांगर घालायच्या गोष्टी सुरू झाल्या. मग शासनाने सांगितलं, तक्रार करा. तक्रारीला तीन गोष्टी लागतील: बियाण्याचं पाकीट, पाकिटाला लावलेला टॅग आणि खरेदीची पक्की पावती, लॉट नंबरसकट. तिन्ही असतील त्याच्या शेतात तालुक्याची समिती येईल, पंचनामा करील. एक जरी नसेल तर शेत यादीतच नाही. ज्या भागात बियाणं आगपेटीच्या पाठीवर लिहिलेल्या चिठ्ठीवर विकलं जातं, त्या भागासाठी हा नियम कोणी केला, त्याचं नाव मला कळलं असतं तर मी ते वहीत लिहून ठेवलं असतं.

माझी थोरली बहीण रोहिणखेडला आहे. भाऊजी गेल्यापासून सहा एकर ती एकटी करते. ताईकडे पाकीट होतं, टॅग होता. ती रिकामं पाकीट टाकत नाही, त्यात भाजीपाल्याचं बी ठेवते. पावती नव्हती. होती ती चिठ्ठी: एका कीटकनाशकाच्या जाहिरातीमागे 'चार पाकीट, पक्कं बिल नंतर' एवढं लिहिलेलं, खाली एक वळवळीत सही. सोमवारी समिती तिच्या शिवारात येणार होती. हा निरोप तिला बुधवारी मिळाला.

बियाणं घेतलं त्या कृषी केंद्रात ती गेली, तर दुकानदाराने हात वर केले. गणपतीच्या सुमारास वीज कमीजास्त झाली आणि त्याचा कम्प्युटर जळला होता. सगळी बिलं त्याच्यात. जिल्ह्याच्या गावाहून एक मेकॅनिक येऊन गेला होता. त्याचं मत पडलं की डेटा गेला, आता नवा कम्प्युटर घ्या. या मेकॅनिकला मी ओळखत होते. माझ्या कॉलेजातही तो यायचा. त्याच्याकडे प्रत्येक रोगावर दोनच औषधं होती: फॉरमॅट मारणं आणि नवा घेणं. डबा उघडून पाहणं त्याच्या इभ्रतीला शोभत नसे.

ताईने मला फोन केला. "तू त्या डब्यात डबे चालवतं ना वं? मंग हा एक चालवून दे."

इतकी नेमकी तांत्रिक मागणी मला कॉलेजात कधी कोणी केली नव्हती.

गुरुवारी मी दुकानात जाऊन डबा उघडला. मदरबोर्ड जळलेला, डिस्क ठणठणीत. दुकानदार खांद्यावरून वाकून पाहत होता. म्हणाला, "म्याडम, तो मेकॅनिक तं म्हने, याच्यात काहीच नाही."

"त्याने उघडलं होतं का?"

"नाही. बाहेरूनच सांगतलं त्यानं."

डिस्क घरी आणली. आधी तिची हुबेहूब प्रत काढली आणि त्या प्रतीला कुलूप: हिला हात लावायचा नाही, जे काही करायचं ते प्रतीच्या प्रतीवर. ही माझ्या यादीतली पहिली ओळ, आणि पुढे जे घडलं त्यात माझी अब्रू जेवढी वाचली तेवढी या ओळीमुळे. मग दुसऱ्या प्रतीचं व्हर्च्युअल मशीन केलं आणि चालू केलं. निळा पडदा. अपेक्षितच होता. जुन्या विंडोजला जुन्या पद्धतीची डिस्क जोडणी लागते, मी नवी दिली होती. जोडणी बदलली, आणि चहा उकळेपर्यंत दुकानाचा मेलेला कम्प्युटर माझ्या पडद्यावर उभा राहिला. मागे देवाचा फोटो, कोपऱ्यात बिलांच्या प्रोग्रॅमचं चिन्ह. मी नवऱ्याला हाक मारून दाखवलं. तो म्हणाला, "वा." मी फार खूश होते. तिथेच माझी अक्कल संपली होती, पण मला ते शनिवारपर्यंत कळायचं नव्हतं.

बिलांचा प्रोग्रॅम उघडला की पांढरी खिडकी यायची आणि मिटायची. संदेश नाही, आवाज नाही.

मी यादी केली. मेमरी कमी पडते का, पाहिलं. पडद्याचा ड्रायव्हर बदलला. दुकानात ठोक्यांचा, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर होता, तो सापडत नाही म्हणून प्रोग्रॅम रुसतो का, म्हणून खोटा प्रिंटर जोडला. डिस्कवर खराब जागा शोधल्या. विषाणू शोधले, सव्वीस सापडले, सगळे मारले, प्रोग्रॅम तसाच. फाइलींचे अधिकार तपासले. विंडोजच्या तीन जुन्या आवृत्त्यांवर तीन वेगळी मशीन उभी करून त्यांत नेऊन पाहिलं. चौदा मुद्दे. प्रत्येकापुढे वेळ आणि निकाल, नीट रेघा मारून. दुपारी वीज जायची, इन्व्हर्टर शिट्टी मारायचा, मी मशीन झोपवायचे, वीज आली की उठवायचे. शुक्रवार गेला. ताईचा फोन यायचा. "झालं का?" "होतंय." "होतंय म्हनजे?" होतंय म्हणजे काय, हे मला माहीत असतं तर झालं नसतं का?

मधल्या काळात मी त्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला, तो विकणाऱ्याला, दुकानदाराला आणि मेकॅनिकला मनातल्या मनात नापास केलं. स्वतःला पासच धरलं होतं.

शनिवारी सकाळी ताई स्वतः आली. मोताळ्याला येणारी पहिली बस धरून, पिशवीत वांगी आणि पाकीट-टॅग फडक्यात बांधून. खोलीत येऊन कापसावर टेकली. मी तिला पडद्यावरची पांढरी खिडकी दाखवली, माझी चौदा मुद्द्यांची यादी दाखवली. तिने यादी लांब धरून वाचली. चौथीपर्यंत शिकली आहे, पण सही करण्याआधी रेशनकार्डसुद्धा दोनदा वाचते.

मग तिने पडद्याच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे तारीख होती. आजची.

"हे काय लिवेल हाये?"

"आजची तारीख."

"त्याच्या कम्प्युटरात आजची तारीख? हाव वं, मंग कसा चालन तो?"

"म्हणजे?"

"अवं, त्याचा कम्प्युटर मांगच्या सालातच राह्यते ना. दरवर्षी पाडव्याले नारळ फोडते, हळद-कुंकू लावते, अन् एक साल मांग घेते त्याले. नाही तं बिलच निंघत नाही म्हने. तुले माहीत नाही?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोनं सांगाव लागते? सगळ्या गावाले माहीत हाये. बिलावर तारीख चुकीची छापते, मंग तो पेनानं काट मारते अन् रबरी शिक्का हानते. तू इचारलं नाही काय त्याले?"

मी विचारलं नव्हतं. दुकानात उभं राहून डबा उघडला, डिस्क काढली, दुकानदाराला दोन टोमणे मारले आणि निघाले. तुम्ही हा रोज कसा चालू करता, एवढा एक प्रश्न चौदा मुद्द्यांत नव्हता. ज्या मेकॅनिकने बाहेरून पाहून सांगितलं म्हणून मी त्याची टर उडवली, त्याने निदान दुकानदाराशी पाच मिनिटं गप्पा तरी मारल्या असतील.

प्रोग्रॅम चोरीचा होता. मुदतीचा होता. मुदत संपली की तो मुकाट बसायचा. दुकानदाराने कोणाकडून तरी शिकून घेतलं होतं की घड्याळ मागे फिरवलं तर मुदत संपतच नाही. म्हणून दर पाडव्याला, नव्या वह्यांची पूजा होते त्याच मुहूर्तावर, तो वर्ष मागे न्यायचा. लोक नवीन वर्षाची गुढी उभारत, हा जुनं वर्ष पुन्हा सुरू करी. आणि माझं व्हर्च्युअल मशीन प्रामाणिकपणे माझ्या सर्व्हरकडून खरी तारीख घेत होतं.

मी तारीख मागे नेली. दहा सेकंदांत ती पुन्हा पुढे आली. पुन्हा नेली, पुन्हा आली. ताई हसायला लागली. "आयकत नाही वं तुह्यं." आभासी मशीनचं घड्याळ खऱ्या मशीनशी जुळवत राहणारी एक सोय असते, ती मीच मोठ्या हौसेने बसवली होती. ती बंद केली. तारीख मागे थांबली. प्रोग्रॅम तरीही उघडेना, कारण दोन दिवस खऱ्या तारखेला चालवून चालवून मी त्याला कायमचं कुलूप लावून घेतलं होतं. तेव्हा ती अस्पर्श ठेवलेली पहिली प्रत काढली, तिच्यावरून नवं मशीन केलं, आणि शेवटच्या फाइलींवरच्या तारखा पाहून, चालू करण्याआधीच घड्याळ तीन वर्षं मागे ठेवलं.

बिलं उघडली.

ताईचं नाव शोधलं. चार वेळा आलं. चारही जूनमध्ये, आणि चारही एकाच वर्षाच्या जूनमध्ये. त्या कम्प्युटरात गावाने एकाच पावसाळ्यात चार पेरण्या केल्या होत्या. ताई वाकून बघत म्हणाली, "बाप्पा, एका सालात एवढं पिकवलं काय मी?" मग फडक्यातला टॅग सोडून एकेक आकडा वाचू लागली, मी पडद्यावर जुळवू लागले. चौथ्या बिलाचा लॉट नंबर टॅगशी जुळला. बिल नंबर, वाण, चार पाकिटं, सगळं बरोबर. फक्त तारीख अशा जूनची की तेव्हा हा लॉट कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

आम्ही दोघी बसने रोहिणखेडला गेलो, दुकानात. दुकानदाराने छापील बिल पाहिलं आणि लगेच खणातून रबरी शिक्का काढला. "आन्‌ इकडं. जूनची तारीख हानतो, झालं."

"आज नोव्हेंबरात जूनचा शिक्का मारणार?"

"दरवर्षी मारतोच ना, म्याडम."

"तेव्हा जूनमध्ये जूनचा मारता. आज मारला तर ते खोटं बिल होतं."

"मंग तुमी आतच बदला ना. तुमच्या मशीनमधे तं कोनतीबी तारीख होते. दोन मिन्टांचं काम."

खरोखर दोन मिनिटांचं काम होतं. आणि मला ते करता येत होतं, हे ताईलाही ठाऊक होतं. मी त्याला सांगितलं, बिल जसं निघालं तसंच जाईल, आणि सोबत तुमचं पत्र जाईल: आमच्या दुकानातील संगणकाची तारीख आम्ही दरवर्षी मागे घेतो, त्यामुळे बिलावरची तारीख चुकीची आहे, विक्री यंदाच्या जूनमधील आहे, लॉट नंबर साठा रजिस्टरप्रमाणे बरोबर आहे. मजकूर मी लिहून आणला होता. खाली सहीची जागा.

त्याने वाचलं आणि कागद टेबलावर असा ठेवला, जणू त्यात विंचू होता. "हे लिवून देल्लं तं माह्यं लायसन जाईन, बाई. मुदतीचा सॉफ्टवेअर हाये म्हनून सगळ्याइले सांगू काय मी?"

"सगळ्याइले माहीतच हाये," ताई म्हणाली.

"सायबाले नाही ना माहीत."

"मंग सायबालेच सांगनं हाये." ती दुकानातल्या बाकावर बसली. "मी बसतो इथं. तुह्या दुकानात येनाऱ्या-जानाऱ्याले सांगतो, का याच्याकडं घेतलेलं बी पेरलं, अळी निंघाली, अन् बिल मांगतलं तं म्हनते, मांगच्या सालाचं घे."

"अशी काऊन करून राह्यली, बाई? शेजारधर्म हाये ना काही."

"हाये ना. म्हनून तं तुह्याच दुकानात बसली. नाही तं समितीतच गेली असती."

ती बसली. गिऱ्हाइकं येत होती. रब्बीचे दिवस, हरभऱ्याचं बियाणं न्यायला. ताई प्रत्येकाला नमस्कार करून सुरुवात करायची: "तुमाले बी मांगच्या सालाचंच बिल देल्लं काय?" तिसऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदाराने हरभरा न मोजताच थांबवलं आणि पेन उचललं. सही केली, दुकानाचा गोल शिक्का मारला, साठा रजिस्टरचं पान दिलं. पत्रात मी 'मुदतबाह्य प्रोग्रॅम' असे शब्द लिहिले होते, ते मात्र खोडायला लावले. मी खोडू दिले. माझा प्रामाणिकपणाही तेवढ्यापुरताच होता, ही नोंद असू द्यावी.

सोमवारी समिती अकराची म्हणून दीडला आली. चार माणसं, एक गाडी, आणि बांधावर बाभळीच्या सावलीत उभं राहायची घाई. शेतात प्रत्यक्ष एकच उतरला, कृषी सहायक, तोही दोन ओळींच्या पुढे गेला नाही. मुख्य अधिकाऱ्याने कागद मागितले. बिल पाहिलं, टॅग पाहिला, पुन्हा बिल पाहिलं.

"हे तीन वर्षांपूर्वीचं बिल आहे."

"मांगचं पान पाहा, साहेब," ताई म्हणाली.

त्याने पत्र वाचलं. चेहरा बदलला नाही, मिशी थोडी हलली. शेजारच्याला म्हणाला, "दर पाडव्याला म्हणे." मग लॉट नंबर टॅगशी, टॅग रजिस्टरच्या पानाशी, पान बिलाशी जुळवलं. हे काम त्याने नीट केलं, हे मी त्याच्या बाजूने लिहिते, कारण त्याच्या बाजूने लिहिण्यासारखं दुसरं काही नाही. सहायकाने आणलेली बोंडं बोनेटवर ठेवून फोडली. सगळ्यांत अळी. अधिकाऱ्याने पंचनाम्यात नुकसानीचा आकडा लिहिला, तो सावलीतून दिसणाऱ्या शेताच्या अंदाजाने.

"एवढंच?" ताई म्हणाली. "खाली उतरा की साहेब. तिकडच्या अंगाले पाहा."

"बाई, पुढे अजून नऊ शेतं आहेत."

"असतीन. पहिलं माह्यं हाये."

ती बोंड तोडत ओळीत चालायला लागली, मागे वळून न पाहता. अधिकारी क्षणभर गाडीकडे, क्षणभर तिच्या पाठीकडे पाहत राहिला. मग त्याने पॅन्टचे पाय वर केले आणि बांध ओलांडला. बाकीच्या तिघांनाही उतरावं लागलं. शेताच्या पार पलीकडच्या धुऱ्यापर्यंत तिने त्यांना नेलं, दर दहा पावलांवर एक बोंड त्यांच्या हातात फोडून. परत येऊन त्याने आधीचा आकडा खोडला, मोठा लिहिला, खोडल्याजागी सही केली. ताईने पंचनामा हातात घेतला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दोनदा वाचला, गाडी सुरू होऊन धूर सोडत होती तरी, आणि मग सही केली.